काठोकाठ भरलेला पियाला

नुसरत मुअल्लिमांनी, म्हणजे आमच्या गुरुजींनी, जन्मभर सगळ्या जगाचा भूगोल शिकवला, पण आमचं कोनिबोदोम गाव सोडून ते फारसे कुठे गेले नाहीत. फळ्याकडे पाठ करायची, नजर मुलांवर रोखायची आणि हात मागे नेऊन खडूने आफ्रिका काढायची. ती कधी चुकली नाही. मी गावच्या नाटकमंडळीत राजे आणि वजीर करायचो. मुअल्लिम वर्गाच्या दारात उभे राहिले की जी शांतता पसरायची, ती माझ्या एकाही राजाला कधी मिळाली नाही. मी तसं बोलून दाखवलं की ते मिशीत हसायचे.

"तालिब, याला आदर म्हणतात. तो तिकीट काढून मिळत नाही."

त्यांच्या घराची मागची भिंत शाळेला लागून होती. त्या बाजूच्या वर्गात मवजुदा लहान मुलांना शिकवायची. ती मुअल्लिमांचीच विद्यार्थिनी. लहानपणी पहिल्या बाकावर बसून त्यांची आफ्रिका वहीत उतरवणारी. आता तिच्या खिडकीतून दिवसभर हसू ऐकू यायचं. कधी ती मुलांना घेऊन कालव्यावर जायची, सगळ्यांचे पाय पाण्यात सोडायची आणि मग नदी कशी वळते ते सांगायची.

"भूगोल आहे की पाय धुण्याचा तास?" आपला तास नसला की मुअल्लिम घरच्या अंगणातल्या बाजेवर बसून म्हणायचे. भिंतीपलीकडे हसू फुटलं की त्यांचा हातातला नानचा तुकडा तसाच राहायचा.

"तुम्हाला ऐकू येऊ नये म्हणून तिने मुलांची तोंडं शिवायची का?" त्यांची बायको इनोयत-आपा विचारायची.

"माझ्या वर्गात कोणी हसलेलं तू ऐकलंस कधी?"

"नाही ना. तेच तर म्हणते."

सगळ्यात जास्त सलायचं ते रस्त्यात. मुअल्लिम समोरून आले की मुलं बाजूला व्हायची, छातीवर हात ठेवून वाकायची. मवजुदा आली की मात्र धावत जायची, कोणी तिची पिशवी धरायचं, कोणी खरबुजाची फोड हातात कोंबायचं. एकदा माझ्यासमोरच हे झालं. मुअल्लिम थांबून बघत राहिले. दुसऱ्या नटाला टाळ्या पडत असताना पडद्याआड उभं राहावं लागतं, तेव्हा माणसाचं तोंड कसं होतं ते मला ठाऊक आहे. तसंच त्यांचं झालं होतं.

त्या वसंतात मुअल्लिम निवृत्त झाले. शाळेने त्यांच्या अंगावर रेशमी जामा घातला, भाषणं झाली. पुढच्या आठवड्यात कळलं की त्यांची वरच्या मजल्यावरची खोली आणि मोठ्या मुलांचा वर्ग मवजुदाला मिळणार. आमच्याकडे लोहार असो, सुईण असो की शिक्षक, उस्तादाने हात वर करून दुआ दिल्याशिवाय त्याच्या जागी कोणी उभं राहत नाही. त्यामुळे मवजुदा येणार हे सगळ्यांना माहीत होतं.

ती आली तेव्हा मी तिथेच होतो. डोक्याला नवा रुमाल, हातात दोन गरम नान. मुअल्लिमांनी तिला दारापासून लांब, मानाच्या वरच्या जागेवर बसवलं. इनोयत-आपाने किटली आणून ठेवली. चहा स्वतः मुअल्लिमांनी ओतला.

पाहुण्याला आम्ही घोटभरच ओततो. तो संपला की पुन्हा घोटभर. जितका कमी चहा, तितका अधिक मान, कारण पुन्हा पुन्हा ओतायला यजमान तयार आहे. मुअल्लिमांच्या हातातली किटली मात्र थांबेना. पियाला भरला, काठाला आला आणि दोन थेंब खाली अंथरलेल्या दस्तरखानावर सांडले.

काठोकाठ पियाल्याचा अर्थ आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतो: पी आणि ऊठ.

मवजुदाने पियाल्याकडे पाहिलं. तो दोन्ही हातांनी उचलला आणि जीभ भाजत असतानाही सगळा संपवला. दुआचा शब्द तिने काढला नाही. "मुअल्लिम, तब्येत जपा," एवढंच म्हणाली, आणि त्यांच्याकडे पाठ न करता उलट्या पावलांनी बाहेर गेली.

"हात घसरला," मुअल्लिम म्हणाले.

"आफ्रिका काढताना कधी घसरला नाही तो," इनोयत-आपा म्हणाली आणि नान उचलून आत गेली.

दोन दिवसांत मवजुदाने शाळेत सांगून टाकलं: उस्तादाची दुआ नाही, मी त्या खोलीत पाय ठेवणार नाही. मोठ्या मुलांना भूगोल शिकवायला दुसरं कोणी नव्हतं. नानवाईच्या दुकानात लोक मुअल्लिमांना वाकून सलाम करायचे तसेच राहिले, फक्त ते आत आले की बोलणं थांबायचं. मुअल्लिमांनी मग बोचकं बांधलं आणि आपल्या जर्दाळूच्या बागेत राहायला गेले. तोडणीचे दिवस होते, तेवढं निमित्त पुरलं.

तोडणी संपत आली तेव्हा मी त्यांना भेटायला गेलो. चटयांवर जर्दाळू वाळत होते. एकेक फळ दुभंगून, बी काढून, कापलेली बाजू वर करून ठेवलेलं. मुअल्लिम उन्हाने काळे पडले होते.

"करमतं का इथे?" मी विचारलं.

"सुरुवातीला झाडांवर रागावलो होतो," ते म्हणाले. "एकही सलाम करीना."

मी हसलो. ते हसले नाहीत.

"तालिब, सकाळी मी बागेत पाऊल टाकलं की चिमण्या गप्प व्हायच्या. सगळ्या, एकदम. मला बरं वाटायचं. म्हटलं, बघा, अजून दरारा आहे. मग एके दिवशी हातातली फांदी खाली पडली आणि त्या भुर्रकन उडाल्या. तेव्हा कळलं, त्या माझा मान राखत नव्हत्या. भिऊन, कधी एकदा हा जातो, याची वाट बघत होत्या."

त्यांनी एक जर्दाळू उचलून बोटांत फिरवला.

"माझ्या वर्गात इतकी वर्षं तीच शांतता होती. मी तिचं नाव आदर ठेवलं होतं." मग खालच्या आवाजात म्हणाले, "आणि तो हात घसरला नव्हता. ती खोली तिला मिळणार, मुलं तिथेही हसणार, आणि मला भिंतीआडून ऐकावं लागणार. मला ते सोसेना. मी तिला घालवून दिलं."

मीही एक जर्दाळू घेतला आणि बी काढली. दोघे न हलता बसलो. थोड्या वेळाने एक चिमणी चटईच्या कडेला उतरली, मग दुसरी. मुअल्लिमांनी मला डोळ्यांनी खुणावलं: हलू नकोस. चिवचिवाट इतका वाढला की माझ्या आयुष्यातल्या कुठल्याच प्रेक्षकांनी तेवढा गलका केला नसेल.

शाळा उघडायच्या आदल्या दुपारी आम्ही मवजुदाच्या घरी गेलो. मुअल्लिमांच्या हातात जर्दाळूचं ताट होतं. तिने वरच्या जागेवर गादी टाकली, पण मुअल्लिम दाराजवळ, चपलांच्या बाजूला बसले.

"मुअल्लिम, मला लाजवू नका. वर बसा."

"इथून वारा बरा लागतो. किटली दे इकडे."

"तुम्ही माझ्या घरी ओतणार?"

"मागच्या वेळी नीट ओतता आलं नाही. पुन्हा परीक्षा देतोय."

त्यांनी तिच्या पियाल्यात जेमतेम तळ झाकेल एवढा चहा ओतला. तिने पिऊन पियाला पुढे केला. पुन्हा तेवढाच. पुन्हा पुढे केला. पुन्हा तेवढाच. दोघांपैकी कोणी थांबेना, आणि किटली रिकामी झाली तेव्हा मवजुदा रुमालाच्या टोकाने डोळे पुसत होती. मुअल्लिमांनी हात वर केले, आम्हीही केले. "माझ्या खोलीत," ते म्हणाले, आणि अडले. "तुझ्या खोलीत बरकत असो." आम्ही तळवे चेहऱ्यावरून फिरवले.

निघताना ते उंबऱ्यावर थांबले.

"एक सांगून ठेवतो. तुझा वर्ग हसला की माझ्या पोटात अजून दुखणार आहे. ते जाणार नाही इतक्यात."

"मग खिडकी लावून घेत जाईन, मुअल्लिम."

"नको," ते म्हणाले आणि चपलेत पाय सरकवला. "उघडीच ठेव."