आईचा पंजाबी ड्रेस

आमच्या घराण्यात संशय रक्तातच आहे. आई मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन बाजारात बसायची, तेव्हा गिऱ्हाइकाचा हात टोपलीकडे गेला की तिचे डोळे त्या हातामागे जायचे. मी मास्तरीण झाले, पण पोरानं पोट दुखतंय म्हटलं की मी अजून आधी फळ्यावरच्या गणिताकडे बघते. आणि धाकटी बहीण? ती तर आम्हा दोघींना विकून खाईल! वडील ऑपरेशनला म्हणून आपल्या पायांनी आत गेले आणि परत आले नाहीत. तेव्हापासून डॉक्टर या प्राण्यावरचा तिचा विश्वासच उडाला होता.

लग्न होऊन ती दिल्लीला गेली. सत्तर साल उलटून बरीच वर्षं झाली होती, तेव्हाची गोष्ट. एक दिवस तिच्या नवऱ्याचा माझ्या शाळेत ट्रंक कॉल आला. अपेंडिक्स सुजलं होतं, ताप डोक्यात चढला होता, डॉक्टर उद्याच्या पुढे थांबायला तयार नव्हते. आणि बाईसाहेब हटून बसलेल्या. आई आल्याशिवाय टेबलावर चढणार नाही म्हणजे नाही. "तुम्ही दोघी उद्या विमानानं या. तिकिटांचं मी मुंबईत बोललोय," तो म्हणाला.

आई नेसायची नऊवारी लुगडं. जन्मात दुसरं काही अंगाला लागलेलं नव्हतं. पायांत वहाण असली तर असली. आम्ही गंगापूर रोडला राहायचो. तेव्हा तिथं बंगल्यांपेक्षा भाजीचे वाफे जास्त होते, आणि लुगड्याकडे ढुंकून बघणारं कुणी नव्हतं.

संध्याकाळी मामा आला. मामा ओझरला विमानाच्या कारखान्यात कामाला. स्वतः कधी विमानात बसला नव्हता, पण विमानाचा विषय निघाला की त्याच्यापुढे कुणी तोंड उघडायची सोय नव्हती.

"लुगडं? अजिबात नाही!" तो म्हणाला. "आमच्यात विमानापाशी सैल कपडा चालतच नाही. पदर नाही, ओढणी नाही, चप्पल नाही. सुपरवायझर दंडाला धरून बाहेर काढतो."

"मामा, तो कारखाना. आम्ही पॅसेंजर."

"विमान तर तेच ना?"

मला पटलं नाही. मी तडक मेन रोड गाठला. तिथं एक गृहस्थ विमानाची तिकिटं काढून द्यायचे, त्यांना विचारलं. ते पान चघळत म्हणाले, "नियम असा काही नाही हो. डीसेंट कपडे घाला म्हणजे झालं."

"डीसेंट म्हणजे कुणाच्या नजरेत?"

"विमानवाल्यांच्याच. एकदा आत पाय ठेवला की तिथं त्यांचं राज्य. उतरा म्हणाले तर कलेक्टरनंही उतरायचं."

झालं! लिहिलेला नियम असता तर मी भांडले असते, भांडायला मी काही कमी नाही. पण नुसत्या नजरेशी भांडायचं कसं? आणि ती नजर मला माहीत होती. बँकेत, दवाखान्यात, कुठंही गेलं तरी लुगडं बघितलं की "मावशी, तुम्ही तिकडं बाजूला थांबा." त्यात विमानवाले म्हणजे इंग्रजी बोलणारे, गोरेगोमटे. त्यांनी एकदा बाजूला थांबा म्हटलं की विमान गेलं आणि तिकडं धाकटीही गेली. मामावर माझा विश्वास नव्हता. विमानवाल्यांवर तर त्याहून नव्हता. पण खरा धोका लुगडं नेसून जाण्यातच होता. मामाचं ऐकून फार तर आमचं हसं झालं असतं.

माझी साडी मामानं टाचण्या लावून चालवून घेतली. आईला गोल साडी नेसवून बघितली, तर उंबऱ्यातच तिचा पाय अडकला. काष्ट्याची सवय, ती निऱ्यांत चालणार कशी? मग मामा सायकलवर टांग मारून गेला आणि त्याच्या पंजाबी शेजारणीचा सलवार-कमीज घेऊन आला. बिनओढणीचा. सोबत नाडीचे कॅनव्हासचे बूट.

आईनं ते हातातही धरलं नाही. "हे घालून मी बांधावर बी जानार नाय. मेले तरी नाय."

मी म्हणाले, "आई, ती तिकडं अडून बसलीय गं."

आईनं एकदा त्या कपड्याकडे बघितलं. मग उचलून आतल्या खोलीत गेली. बाहेर आली ती दोन्ही हात छातीवर धरून. "बघू नका रे कुनी," म्हणाली. मला रडूच कोसळलं. लुगडं तिनं घडी करून पिशवीत सगळ्यांत वर ठेवलं, उतरल्या उतरल्या नेसायला.

दुसऱ्या दिवशी मुंबईत विमानापर्यंत पोचेतो मी प्रत्येक खाकी आणि पांढऱ्या शर्टाकडे संशयानं बघत होते. कुणी काही विचारलं नाही. त्यामुळं तर जास्तच भीती वाटली. आम्ही शिडीपाशी आलो. आईनं मान वर केली आणि ती जागच्या जागी थांबली.

वर दारात हवाईसुंदरी उभी होती. साडीत. पदर मोकळा, वाऱ्यावर फडफडतोय!

"हिचा पदर चालतो व्हय?" आईनं विचारलं.

मामाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचं अगदी ओठांवर आलं होतं, पण त्या पिढ्या आईच्याही होत्या. आमच्या पुढं एक म्हातारे गृहस्थ धोतर सावरत, चपला वाजवत चढले. त्यांना तिनं हात जोडून नमस्कार केला. आम्हालाही केला म्हणा, पण आईच्या बुटांवर तिची नजर जराशी रेंगाळली. मी बघितलं ना!

"आत मोरी असंल तर नेसून येऊ का?" आईनं बसल्यावर हळूच विचारलं.

"गप बस. आता उगाच कुणाच्या डोळ्यावर येऊ नकोस. उतरू दे."

आई हात छातीवर धरूनच बसली. थोड्या वेळानं ती हवाईसुंदरी चालत सरळ आमच्याकडे आली. इतकी माणसं सोडून आमच्याकडेच! तिनं वरच्या कप्प्यातून ब्लँकेट काढलं, आईच्या गळ्यापर्यंत नीट पांघरलं आणि "माताजी, ठंड है," म्हणून निघून गेली.

"चांगली हाय गं पोर," आई म्हणाली.

"चांगली कसली? लोकांना दिसू नये म्हणून झाकलं तिनं तुला."

तिला आईची दया आली होती की तिनं आपल्या राज्यातली अडचण मिटवली होती, ते मला आजही सांगता येणार नाही. आईनं मात्र ब्लँकेटखाली हात मोकळे सोडले. घर सोडल्यापासून पहिल्यांदाच.

दिल्लीला जावई टॅक्सी घेऊन उभाच होता. कपडे बदलायला त्यानं वेळ दिला नाही, आम्हीही मागितला नाही. थेट दवाखाना गाठला. धाकटीचं तोंड तापानं लालबुंद झालेलं, डोळे अर्धे मिटलेले. आई धावत जाऊन तिच्यावर ओणवली. "बाय माझी," एवढंच कसंबसं म्हणाली आणि रडायला लागली.

धाकटीनं चाचपून आईची बाही धरली. ते गुळगुळीत कापड बोटांत घेतलं आणि हात झटकला. "ही कोण बाई?"

"अगं, आई आहे," मी म्हणाले.

"आई असलं घालते होय? इथलीच कुणी धरून आणलीय. मला फसवून आत न्यायचंय तुम्हाला." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, तूसुद्धा यांना सामील?"

डॉक्टर दारात उभे. जावयानं कपाळाला हात लावला. मी समजावत होते, ओरडत होते, पण आमच्या घरातला संशय मला ठाऊक होता. तो शब्दांनी हटत नाही.

आई पिशवी घेऊन पडद्यामागे गेली. बाहेर आली तेव्हा तिचा काष्टा घातलेला होता, पाय अनवाणी होते आणि डोक्यावर पदर होता. लुगड्याला कोथिंबिरीचा वास येत होता. ती कॉटपाशी बसली. धाकटीनं पदराचं टोक मुठीत घेतलं, नाकाशी नेलं.

"आत्ता आलीस?"

"हां. आत्ताच आले, बाय."

"मघा ती कोण होती गं?"

"असंल कुनीतरी. गेली ती," आई म्हणाली.

धाकटीनं मान हलवली आणि डॉक्टरांना म्हणाली, "चला."

ऑपरेशन नीट झालं. हे सगळं मी धाकटीला कितीदा तरी सांगितलंय, पण तिचा विश्वास बसेल तर शपथ. ती अजून छातीठोकपणे सांगते, की त्या दिवशी आधी कुणी एक पंजाबी बाई आली होती. तिच्याकडे बघून फार रडत होती बिचारी. मग आई आली.