भिंतीवरची तार

गंजलेल्या तारेचा वास आला की संगमनेरचं आमचं हातमागाचं घर आठवतं. लढाईच्या दिवसांत सूत परवान्यावर मिळायचं. आईला अक्षरओळख नव्हती. आलेला प्रत्येक कागद ती भिंतीवरच्या तारेत ओवायची आणि कितवा कशाचा, ते ध्यानात ठेवायची. एकदा परवान्याच्या कचेरीतला कारकून म्हणाला, “तुमचा अर्ज आलेलाच नाही.” घरी सुतावाचून माग आठ दिवस बंद होता. आईनं खिळ्यासकट तार उपसली, तडक कचेरी गाठली, बोटानं कागद मोजले आणि अर्जाची पोच त्याच्यासमोर धरली. तो तारेतून कागद ओढायला लागला, तशी ती म्हणाली, “काढायचा न्हाई, सायेब. हितंच वाचा.” त्यानं वाकून वाचलं. सूत मिळालं. मी तर शिकलेली. तरी खिडकीपलीकडून ‘नाही’ ऐकून कितीदा मुकाट्यानं परत आले.