पहाडावरून उतरलेली

बाळांनो, तुमच्या आईच्या लहानपणी नागपुरात हिवाळाभर तिबेटी लोक फुटपाथवर स्वेटर विकत. त्यातली एक बाई नेहमी पातळ झग्यात बसायची. फेब्रुवारीतल्या एका गार सकाळी मी पेरू घेत असताना तिच्या शेजारच्या पेरूवालीने तिला छेडले, "काहून वं, तुले थंडी नाही वाजत?"

ती हसली. "थंडीने आमच्या घरात कोणी नाही मेलं, मावशी. पहाड उतरून इथे आलो, तर पहिल्याच गर्मीत माँ गेली. आता बाबांना परत वर न्यायचं. स्वेटर विकले की तिकीट काढते."

उंचावर माणसाचा श्वास कोंडतो, एवढेच मी पुस्तकांत वाचले होते.

ऊन चढले तसे स्वेटरकडे कोणी बघेना. तिच्यामागे तिचे वडील डोक्यावर ओला पंचा घेऊन धापा टाकत बसले होते.