कोलशेतच्या शिवेवर

माझ्या नव्या जोड्याने डाव्या पायाच्या करंगळीवर जो जुलूम मांडला आहे, त्याची दाद कोणत्या कचेरीत मागावी हे मला अजून उमगलेले नाही. करंगळीला न विचारता तिच्यावर राज्य स्थापन झाले, एवढीच माझी तक्रार.

तोच जोडा घालून कल्याणच्या बंदरावर गेलो, कारण माझे स्नेही अण्णा वकील यांना कोलशेतजवळच्या एका पाड्यावर जायचे होते. तिथे ख्रिस्ती कोळ्यांची वस्ती. पाडा शेजारच्या शहराच्या हद्दीत घ्यावा की नाही, हे जिल्ह्याचा इंग्रज साहेब त्या दिवशी लोकांनाच विचारणार होता. हद्दीत गेले की मासळी वाळवायची जागा बंद. शहराला वास चालत नाही. पाड्याचे पोट मात्र त्याच जागेवर.

जाणाऱ्यांनी ओहोटी लागताच होडी सोडावी, म्हणजे डोंबिवली, कोपर मागे टाकत पाणीच तुम्हांला नेते. भाडे आधी ठरवावे, प्यायचे पाणी बरोबर घ्यावे, आणि वकील शक्यतो घरीच ठेवावा. अण्णांनी वाटभर एका ग्रंथातून राष्ट्रांचा कायदा समजावला. युरोपात मुलूख एका राजाकडून दुसऱ्याकडे जाताना आताशा रयतेचे मत घेतात म्हणे. आपल्याकडचे काय, म्हणून मी विचारले, तर आपले प्रकरण त्या ग्रंथात नाही म्हणाले.

चिखल तुडवीत, लंगडत पाड्यावर पोचलो. पाड्यातल्या वडीलधाऱ्या रोजाबाईंनी माझ्या पायाकडे पाहिले आणि खोबरेल तेलाची बाटलीच हातात ठेवली. परत कधीही दे, म्हणाल्या.

त्यांच्याच अंगणात साहेब बसला, शहाळे प्याला, आणि दुभाष्याकरवी त्याने विचारले, शहरात यायला तुमची खुशी आहे ना? सगळा पाडा एकमुखाने हो म्हणाला. कारकुनाने तसे टिपूनही घेतले. अण्णांचा चेहरा पडला. जागा गेली की हो बाई, असे ते कळवळून म्हणाले.

"आमचा नारल पिऊन अंगनात बसलाय, त्या पावन्याला तोंडावर नाय कोन म्हनल, वकीलदादा?" रोजाबाई म्हणाल्या. "त्याला शिवेभायेर ने. मंग इचार."

अण्णांनी साहेबाला गाठले. पाहुणा असेतोवर मिळालेली संमती मोकळी नव्हे, असे त्यांनी आपल्या ग्रंथी इंग्रजीत पटवले. साहेब हसला, त्याचा घोडा तसाही शिवेपलीकडच्या चिंचेखाली बांधलेला होता. सारा पाडा त्याला पोचवायला निघाला. शीव ओलांडून साहेबाने तोच प्रश्न विचारला.

"नाय," पाडा म्हणाला, तितक्याच अदबीने.

कारकुनाने आधीचे खोडून नवे लिहिले. ते झाल्यावर रोजाबाई म्हणाल्या, "आता परत ये, सायबा. जेवून जा."

भरतीबरोबर परतताना कोपर आले. तेव्हा अण्णा म्हणाले, हे कलम ग्रंथात हवे. मी म्हटले, "पाड्याची शीव हाकेवर होती, अण्णा. देशाची जरा लांब आहे. पाहुण्यांना पार समुद्रापर्यंत पोचवावे लागेल." अण्णांनी मागे नावाड्याकडे पाहिले आणि मला हळू बोल म्हणाले.

घरी आल्यावर जोडा माळ्यावर टाकला. करंगळी आता स्वतंत्र आहे. काल कल्याणच्या बाजारात त्या पाड्यावरची एक बाई सुक्या बोंबलांची टोपली घेऊन बसली होती. बोंबील चांगले कडक वाळलेले होते. रोजाबाईंची बाटली तेलाने काठोकाठ भरून मी तिच्या टोपलीत ठेवली.