जवळचं सगळं दिसत होतं

माझी मोठी मावशी कपड्यांच्या दुरुस्तीच्या दुकानात काम करायची. दुकान बाजाराच्या इमारतीच्या तळघरात होतं. पँटची उंची कमी करायची, कमरेला सैल सोडायचं, चेन बदलायची, जुन्या कोटाला अस्तर लावायचं, असली कामं. नवीन कपडा शिवण्यात निदान कौतुक तरी असतं. दुरुस्तीत गिऱ्हाईक फक्त चूक शोधायला येतं. मावशीचं उभं आयुष्य त्या ट्यूबलाइटखाली गेलं. दुकानात लहानथोर सगळेच तिला मावशी म्हणायचे. जगाची मावशी, असं तिचा नवरा, म्हणजे आमचे काका, जरा कुरकुरत म्हणायचे. काकांची कंबर गेल्यापासून ते घरीच असत, त्यामुळे दुकानावरून आल्यावर घरचंही सगळं तिच्याच अंगावर पडे.

तिचे चष्मे बस स्टॉपजवळच्या स्टॉलवरचे असायचे. तिथे तारेच्या स्टँडवर तयार चष्मे टांगलेले असत. मावशी पिशवीतून दोऱ्याचं रीळ काढायची, त्याच्यावरचा बारीक आकडा वाचता येईपर्यंत एकामागून एक चष्मा नाकावर चढवायची आणि वाचता आला की तोच घेऊन निघायची. सुईत दोरा जाईनासा झाला की पुन्हा स्टॉल. "एवढ्यासाठी डॉक्टर कशाला?" ती म्हणायची. "माझी सुई सांगते मला नंबर."

आणि खरंच, सुईत दोरा तर जात होता. काळ्या कापडावर काळा टाका ती कुणाला न विचारता उसवायची. त्यामुळे तिच्या डोळ्यांबद्दल कुणाच्या मनात शंका यायचं कारणच नव्हतं.

बाकीच्या गोष्टी मात्र घडत होत्या. दाराच्या चौकटीला खांदा आपटायचा. टेबलावरचा चहाचा कप कोपराने उलटायचा. फुटपाथवर शेजारून येणाऱ्या माणसाला ती सरळ जाऊन धडकायची आणि वर तोच कसा मध्ये आला म्हणून बघत राहायची. घराचा जिना उतरताना शेवटची पायरी चुकायची. काका वैतागायचे. "अगं, लक्ष कुठे असतं तुझं? डोळे दुकानात ठेवून येतेस का?"

"दमलेय हो मी," एवढंच मावशी म्हणायची. उत्तर खोटं नव्हतं. ती इतकी दमलेली असायची की अंगावरची प्रत्येक गोष्ट त्या दमण्याच्या खात्यात जमा व्हायची. पाय दुखतात, दमलेय. विसरायला होतं, दमलेय. धडकले, दमलेय. आम्हीही मान हलवायचो. दमलेल्या माणसाला कोण आणखी प्रश्न विचारणार?

मग एका दुपारी दुकानात तिच्याबरोबर काम करणाऱ्या बाईला फोन आला म्हणून तिने तापलेली इस्त्री मावशीच्या टेबलावर, डाव्या अंगाला टेकवली. "इस्त्री ठेवलीय हं," असं ती म्हणालीही, पण मशीनच्या आवाजात ते मावशीच्या कानावर गेलं नाही. पुढची पँट घ्यायला तिने डावीकडे हात टाकला आणि तळहात सरळ इस्त्रीवर टेकला.

मी त्या बाजारापासून जवळच नोकरीला होते, म्हणून फोन मला आला. दवाखान्यात पोचले तेव्हा नर्स तिच्या हाताला मलम लावत होती. दुकानातली ती बाई बाजूला उभी राहून रडत होती. "एवढी ढळढळीत इस्त्री होती हो, दिसली कशी नाही यांना?" असं पुन्हा पुन्हा म्हणत होती. मावशीच उलट तिची समजूत घालत होती. "तुझी काही चूक नाही गं. मीच दमले होते."

पट्टी झाल्यावर नर्सने गोळ्यांचं पाकीट मावशीच्या डाव्या बाजूने पुढे केलं. मावशी समोर बघत बसून राहिली. नर्सने पाकीट थोडं हलवलं. तरी नाही. मग तिने ते हळूच समोर आणलं, तेव्हा कुठे मावशीने हात पुढे केला.

"डोळे कधी तपासलेत, मावशी?" नर्सने विचारलं.

"चष्मा आहे की."

"चष्मा दिसतोय मला. डोळे कधी तपासलेत ते विचारतेय."

मावशीने चष्मा नाकावर नीट बसवला. आठवायला काही असतं तर बोलली असती.

पट्टी बांधलेला हात घेऊन शिवायचं तरी काय, त्यामुळे सुट्टी आपोआप मिळाली होती. मी तिला एका चष्म्याच्या दुकानात नेलं. त्याच्या मागच्या खोलीत डोळे नीट तपासायची सोय होती. तपासणाऱ्या बाई शांत स्वभावाच्या होत्या. त्यांनी आधी भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. मावशीने एकेक डोळा झाकून, योग्य ती भिंगं लावल्यावर, अगदी खालची ओळसुद्धा धडाधड वाचली आणि माझ्याकडे असं बघितलं, की बघ, उगाच आणलंस मला इथवर.

"चला, मग नंबर लिहून द्या," ती म्हणाली आणि उठायला लागली.

"बसा हो. हे तर फक्त समोरचं झालं," बाई म्हणाल्या.

त्यांनी डोळ्यांतला दाब मोजला. उजेड टाकून डोळ्याच्या आतला मागचा भाग बघितला आणि बराच वेळ बघत राहिल्या. मग मावशीला एका मोठ्या पांढऱ्या वाटीसारख्या यंत्रापुढे बसवलं. हनुवटी टेकायची, एक डोळा झाकायचा, मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं. आजूबाजूला बारीक दिवा चमकला की हातातलं बटण दाबायचं. उजव्या डोळ्याची वेळ होती तेव्हा बटणाची टकटक चालू होती, मध्येच कुठे अडखळत होती. मग डावा डोळा. एक टक. मग काहीच नाही. मी भिंतीला टेकून उभी होते. मावशी मान ताठ ठेवून, अगदी मन लावून बसली होती. शिवताना बसते तशी.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "बाई, तुमच्या यंत्राचे दिवे बंद पडलेत वाटतं."

बाईंनी यंत्राकडे एकदा बघितलं. "नाही मावशी. दिवे चालू आहेत."

मावशीने पुन्हा हनुवटी टेकवली. यंत्राचा बारीक घरघर आवाज तेवढा येत होता.

काचबिंदू होता. पुढे इस्पितळातल्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. डाव्या डोळ्याचं कडेकडेचं दिसणं जवळजवळ गेलं होतं. उजव्यातही नाकाच्या बाजूने सुरुवात झाली होती. दुखत नाही, खुपत नाही, मधलं शेवटपर्यंत स्वच्छ दिसतं, त्यामुळे माणसाला पत्ता लागत नाही, असं ते म्हणाले. "नंबरचा चष्मा लावला की तुम्हाला वाटतं डोळ्यांचं काम झालं. चष्मा बदलताना दर वेळी डोळा आतून बघून घेतला असता, तर हे आधीच सापडलं असतं."

"आता परत येईल का?" मावशीने विचारलं.

"गेलेलं नाही येणार. राहिलेलं राखायचं. रोज थेंब, आणि मी बोलावीन तेव्हा यायचं."

मग त्यांनी विचारलं, "घरात कुणाला होता?"

मावशी नाही म्हणणार होती. तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. तिची आई, म्हणजे माझी आजी, शेवटची काही वर्षं खुर्चीत बसून असायची, चाचपडत पेला शोधायची. वयाने दिसत नाही, असंच सगळे म्हणायचे. कुणी कधी दाखवलं नव्हतं. "आम्हाला वाटलं म्हातारपण," मावशी हळूच म्हणाली.

घरी जाताना बसमध्ये ती रडली नाही. खिडकीला डोकं टेकून डोळे मिटून बसली. मला वाटलं झोप लागली. दोन-तीन स्टॉप गेल्यावर तशीच डोळे मिटून म्हणाली, "तुझ्या आईला फोन लाव."

माझी आई तिची धाकटी बहीण. आईनेही स्टॉलवरचेच चष्मे वापरले होते, मावशीचं बघून. फोनवरचा आईचा आवाज मला शेजारी ऐकू येत होता. "अगं ताई, मला काय धाड भरलीय? मला स्वच्छ दिसतंय सगळं."

"मलाही दिसत होतं," मावशी म्हणाली.

आईने फोन ठेवला. दुसऱ्याच आठवड्यात तपासायला गेली, तेही मला न सांगता. तिचा दाब वाढलेला निघाला, पण डोळ्याचं काही गेलेलं नव्हतं. वेळेवर आलात, एवढंच तिला सांगितलं. तिने मावशीला ते सांगितलं तेव्हा मावशी पलंगावर पाय पसरून पडली होती. "बरं झालं बाई," म्हणाली आणि कुशीवर वळली. त्या एका फोनच्या बळावर आई अजून नीट बघतेय.

हात बरा झाल्यावर मावशी पुन्हा दुकानात जायला लागली, पण अर्धाच दिवस. इस्त्रीचं टेबल उजव्या भिंतीला गेलं. डावीकडचं काही हवं असेल तर ती पूर्ण मान वळवून बघते. दिवसभर मान वळवून आता मानही दुखते. थेंब काका घालतात. त्यांचा हात थरथरतो, अर्धे थेंब गालावरून वाहून जातात, मग "हलू नकोस गं" आणि "तुम्हीच हलताय" असं रोज चालतं. आधी किती बोललो तिला, हे काकांनी कधी तोंडाने कबूल केलं नाही. पण बाहेर जाताना ते आता कमरेचा पट्टा बांधून तिच्या डाव्या अंगाने चालतात आणि समोरून कुणी आलं की आपणच मध्ये होतात.

स्टॉलवाल्याला मात्र तिचा ताप झालाय. येता-जाता ती तिथे थांबते आणि चष्मा लावून बघणाऱ्या अनोळखी माणसांना विचारते, "डोळे आतून तपासलेत का? नंबर नव्हे, आतून?" तो बिचारा हात जोडतो. "मावशी, तुम्ही जरा पलीकडे उभ्या राहा. आजवर तुम्हीच तर माझं मोठं गिऱ्हाईक होतात."

मागच्या तपासणीला मी बरोबर होते. बाकांवर गर्दी होती आणि नंबर यायला वेळ लागला. मावशी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून चक्क घोरली. आत गेल्यावर डॉक्टरांनी जुना आणि नवा कागद शेजारी धरून बघितला आणि काही फरक नाही, आहे तिथेच थांबलंय, असं सांगितलं.

"म्हणजे बरं वाटेल आता?"

"बरं नाही होणार, मावशी. पण वाढलेलं नाही."

बाहेर येऊन तिने पिशवी काखेत मारली आणि मान डावीकडे, मग उजवीकडे वळवून रस्ता बघितला. "वाढलेलं नाही म्हणतात," ती मला म्हणाली. "चल, लवकर घर गाठू. पाय गेलेत नुसते."