रूथमावशीचा राहिलेला डाव

सकाळी ग्रेसचा फोन आला तेव्हा मी चहा गाळत होते. "आई गेली गं... झोपेतच," एवढंच ती बोलली. पुढचं मला ऐकूच आलं नाही. चहा ओट्यावर सांडत राहिला. ग्रेसची आई म्हणजे माझी रूथमावशी. आदल्याच संध्याकाळी तिनं फोनवर केवढ्या तोऱ्यात बातमी दिली होती! "आज मी तुझ्या काकांच्या एक फटका पुढं हाय. आठ होल झाले, एकच राहिलाय. मी दमले म्हणून घरी आले. उद्या हरवतेच त्यांना." आणि विजयकाकांना जाऊन तर कितीतरी पावसाळे झाले होते.

हे नीट सांगायला हवं, नाहीतर मावशी भ्रमिष्ट वाटायची. भिंगारच्या पुढं काकांच्या घराण्याचा बंगला आहे. भोवती चिंचा, कडुनिंब आणि नजर पोचणार नाही एवढं आवार. त्यात काकांच्या वडिलांनी हौसेनं नऊ होलचं गोल्फचं मैदान केलेलं. आता नगरच्या पाण्यावर हिरवळ पोसायची कुठून? पावसाळ्यात येईल ते गवत, आणि ते कातरायला धनगराच्या मेंढ्या. होलभोवती हिरवळीऐवजी वाळूत जळकं ऑईल कालवून थापलेला काळपट गोल. सुट्टीत मी तिथं जायची. उन्हं कलली की सगळं आवार पिवळं होई, मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटा कुठूनतरी वाजत राहत, आणि चेंडू उडाला की तो खाली येईपर्यंत कुणी बोलत नसे... मला वाटायचं, हा आता पडणारच नाही.

काका-मावशी रोज संध्याकाळी खेळत; सगळ्या होलांत मिळून ज्याचे फटके कमी, तो जिंकला. मावशी पदर खोचून, पायांत कॅनव्हासचे बूट घालून. घरात तिच्यापुढं कुणाची मात्रा चालत नसे, पण मैदानावर ती काकांना एकदाही हरवू शकली नाही. काकांचा चेंडू हमखास उजवीकडच्या बाभळींत जाई, तरी शेवटी जिंकत तेच. वर जेवताना तोच फटका तिखटमीठ लावून ऐकवत. मावशीचा पारा चढायचा. "जिंकला तर जिंकला, आता भाकरी खावा!"

काका गेल्यावर ती कित्येक दिवस बंगल्याबाहेर पडली नाही. मग एका संध्याकाळी दोन चेंडू घेऊन निघाली. पांढरा तिचा, लाल ठिपक्याचा काकांचा. दोन्ही तीच खेळायची. काकांचा फटका त्यांच्यासारखाच खांदा पाडून मारायची, तो इमानेइतबारे बाभळींत जायचा, आणि काट्यांत हात घालून काढायचीही तीच. "मावशी, त्यांचा एखादा मुद्दाम चुकव की," मी एकदा म्हटलं. "बघायला कोण आहे?" ती काठीवर रेलली.  "त्यांना फसवून जिंकले ना, तर मग ते खरंच गेले म्हणायचे," ती म्हणाली. 

तिला मातीत ठेवून आम्ही परतलो त्यालाही आता काही आठवडे झाले. परवा पुन्हा गेले, तेव्हा ग्रेस मला मैदानावर घेऊन गेली. नवव्या होलच्या सुरुवातीला गवतात दोन्ही चेंडू शेजारी शेजारी, मावशीनं ठेवले तसेच. "तू संपव," ग्रेस म्हणाली. "माझा हात न्हाई उचलत."

मला तरी कुठं खेळता येतं! काकांचा चेंडू मारला, तो सरळ बाभळींत. ढोंग करायची गरजच पडली नाही. मावशीचा मात्र जीव ओतून मारला. बऱ्याच खटपटीनंतर काकांचा चेंडू एकदाचा होलमध्ये पडला. मावशीचा वीतभर अंतरावर होता. हा एका फटक्यात पडला की मावशी जिंकली, जन्मात पहिल्यांदा. मी नेम धरून हळूच टोला दिला. चेंडू कडेवरून वळला आणि पुढं गेला... पुढच्या फटक्याला पडला. बरोबरी.

"मावशी गं, हातातोंडाशी आलेला घास मी घालवला!" मी तिथंच रडायला लागले. ग्रेसही रडत होती, रडता रडताच हसली. "बरं झालं. पप्पा हरले असते, तर तिकडं लई दिवस तिच्याशी बोलले नसते."

डोळे पुसून मी चेंडू काढायला वाकले. त्या एवढ्याशा खड्ड्यात दोघं एकमेकांना टेकून बसले होते. मी हात मागं घेतला.