गाडी बंद करण्याआधीचं मिनिट

बाबा गेल्यापासून त्यांची गाडी पार्किंगमध्ये उभीच होती. तिच्याखाली तेलाचा डाग पसरत चालला, तेव्हा मी ती गॅरेजला नेली. मिस्त्रींनी इंजिनाखालचं गंजलेलं ऑइल चेंबर खोलून बाजूला ठेवलं. सगळं तेल काढून झालं तरी वरून थेंब पडतच होते. संपलं म्हणावं तर आणखी एक.

"पूर्ण निथळू द्या ताई. घाई केली तर नवं चेंबरही गळणार."

घरातून माणूसही असाच जात असावा. चपला देऊन टाकल्या, कपाट रिकामं केलं, तरी कुठून तरी थेंब पडतच राहतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिस्त्रींनी किल्ली हातात दिली. "टर्बो गाडी आहे. पोचल्यावर लगेच बंद करू नका, मिनिटभर चालू राहू द्या."

हे तर बाबांचंच वाक्य. रोज ऑफिसातून आले की ते खाली मिनिटभर गाडीतच बसायचे. वर स्वयंपाकघरात इंजिनाचा आवाज पोचायचा आणि आई चहाचं आधण ठेवायची.

घरी पोचल्यावर मीही खाली मिनिटभर बसले आणि मग गाडी बंद केली. जिना चढून वर गेले तर दार उघडं होतं, आतून आल्याच्या चहाचा वास येत होता. आई उंबऱ्यात उभी होती आणि माझ्या खांद्यावरून मागे, जिन्याकडे बघत होती.